गावरस्ता दर पावसाळ्यात त्याच जागी उखडतो? आधी हे पाहा

आमच्या गावापासून फाट्यापर्यंतचा रस्ता २.८ किलोमीटरचा. दारव्हा तालुक्यातली काळी भारी जमीन, दोन्ही अंगांना कपाशी नाहीतर तूर, मधे एक नाला आणि नाल्याच्या अलीकडे एक बोरीचं झाड. त्या बोरीजवळचा गड्डा मी सलग सहा वर्षं बुजवला. पहिली तीन वर्षं दिवाळीनंतर दोन ट्रॉल्या मुरूम टाकायचा, वरून ट्रॅक्टर फिरवायचा, आणि पुढच्या पोळ्याला बैल परत त्याच गड्ड्यातून जायचे.

चौथ्या वर्षी गावातल्या एका निवृत्त मैलकुलीकाकांना मी तिथं घेऊन गेलो. मैलकुली म्हणजे रस्त्याचा ठरावीक तुकडा ज्याच्या अंगावर असायचा तो कामगार. फावडं-टिकास घेऊन रोज तेवढाच तुकडा सांभाळायचा. आता ही माणसं रस्त्यावर फारशी दिसत नाहीत, आणि रस्त्यांना ते जाणवतं. काकाजींनी गड्ड्याकडे पाहिलंच नाही. पाठ फिरवून ते वरच्या अंगाच्या वावराकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "गड्ड्याले काय पाह्यतं बापू? पानी कुठून आलं थे पाह्य."

तेव्हापासून मी तसंच करतो. ग्रामपंचायतीत दोन वेळा सदस्य होतो, आजूबाजूच्या गावांतूनही बोलावणं येतं. गड्डा वेगळा असतो, कारण बहुतेक वेळा एकच निघतं. म्हणून ज्या क्रमानं मी तपासतो त्याच क्रमानं इथं लिहितो. पहिल्या तीन-चार गोष्टींना पैसा जवळजवळ लागत नाही.

लक्षणं

बुजवलेला गड्डा पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत त्याच जागी परत पडतो. ही मुख्य खूण. एखादा नवा गड्डा नव्याच जागी पडला तर तो साधा गड्डा आहे, बुजवा आणि मोकळे व्हा.

डांबराचा काठ उंदरानं कुरतडल्यासारखा तुटत जातो आणि रस्ता दर वर्षी वीतभर अरुंद होतो. चाकोऱ्या पडून त्यांत पाणी साचतं, मधे गवत उगवतं. डांबरावर जाळीसारख्या बारीक भेगा येतात आणि पावसात त्या भेगांतून काळं पाणी वर येतं. मे महिन्यात काठाला समांतर लांब भेग पडते, कधी बोट जाईल एवढी. पाइप टाकलेल्या जागी रस्ता बसतो आणि गाडी आदळते. किंवा रस्त्यात एकदम सरळ रेषेत पट्टी खचते.

ही शेवटची सरळ पट्टी दिसली तर खालची बाकीची तपासणी करत बसू नका. ती बहुतेक नळाच्या पाइपलाइनची चारी असते, माती न चोपता लोटलेली. ती परत उकरून वीत-वीतभर जाडीच्या थरांनी भरावी आणि प्रत्येक थर धुम्मसनं चोपावा. रस्ता पूर्ववत करणं बहुतेक वेळा चारी खणणाऱ्या ठेकेदाराच्याच कामात धरलेलं असतं, म्हणून त्याचं अंतिम देयक निघायच्या आधी ग्रामपंचायतीनं लेखी कळवावं. देयक निघाल्यावर तो फोन उचलेल याची खात्री नाही.

१. रस्ता कोणाचा आहे?

याला एक रुपयाही लागत नाही. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर सुरुवातीला फलक असतो. त्या योजनेत काम पूर्ण झाल्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी बांधणाऱ्या ठेकेदारावरच असते. फलकावर पूर्ण झाल्याची तारीख वाचा आणि हिशेब करा. तक्रारीसाठी 'मेरी सडक' नावाचं ॲप आहे, फोटो टाकता येतो.

मुदत चालू असेल तर स्वतःची ट्रॉली नेऊ नका. शेजारच्या एका गावात आम्ही उत्साहानं मुरूम टाकला आणि नंतर ठेकेदार म्हणाला, "तुम्ही हात लावला, आता माझी जबाबदारी नाही." वर्ष वाया गेलं.

२. छत्री घेऊन पावसात चाला

ही सगळ्यांत कामाची तपासणी, आणि सगळ्यांत कमी केली जाणारी. कोरड्या रस्त्यावर उभं राहून पाण्याचा अंदाज कोणालाच नीट करता येत नाही. काकाजींनाही नाही, ते स्वतःच सांगायचे.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडत असताना बाहेर पडा. सोबत एक माणूस आणि प्लास्टिकच्या पिशवीत विटकरीचे तुकडे घ्या. पाणी रस्त्यावर जिथं साचतं, जिथून रस्त्यावर चढतं आणि जिथं रस्ता ओलांडतं, त्या प्रत्येक जागी काठाला तुकडा रोवा. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासानं परत तोच फेरा मारा. तेव्हाही पाणी उभं असलेल्या जागा वेगळ्या लिहून घ्या. पुढच्या वर्षीचे गड्डे तिथेच पडणार.

बोरीजवळ मला काय दिसलं ते सांगतो. मी समजत होतो नाल्याचं पाणी चढतं. नाला दोन हात खाली होता. पाणी येत होतं उजव्या अंगाच्या वावरातून. तिथला धुरा, म्हणजे वावराचा बांध, एका जागी फुटला होता, दोन पावलांएवढाच. त्यातून वावरातलं गढूळ पाणी थेट रस्त्याच्या काठाला येऊन उभं राहत होतं, कारण पुढची नाली बुजलेली होती. काठाखाली हात घातला तर मुरूम लापशीसारखा झाला होता. त्याच्यावरून कपाशीची भरलेली ट्रॉली गेली तर काय होणार?

काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. पाणी पिऊन फुगते आणि मऊ पडते. कोरडी असताना जी माती ट्रक पेलते ती भिजल्यावर बैलबंडीही पेलत नाही. म्हणून वरचा थर कितीही चांगला करा, पाणी पोटात जात राहिलं तर तो टिकत नाही.

३. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली आहे का?

रस्त्याच्या काठावर फावड्याचा दांडा आडवा ठेवा. बाहेरचं टोक वर उचललं गेलं तर साइडपट्टी उंच आहे. गवत वाढतं, ते धूळ धरून ठेवतं, त्यावर शेणखताच्या ट्रॉलीतली सांडलवंड, असं करत चार-पाच वर्षांत बांधच तयार होतो. मग रस्त्यावर पडलेलं पाणी नालीत उतरतच नाही. नाली स्वच्छ असून रस्ता तुंबतो तो यामुळे.

उपाय सोपा. सगळी साइडपट्टी सोलायला मजूर नसतील तर दर दहा-पंधरा पावलांवर फावड्यानं एक हात रुंद तिरपी वाट नालीपर्यंत काढा. ज्या जागी विटकर रोवली तिथं आधी. आमच्याकडे उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे कपाशीची शेवटची वेचणी आटोपल्यावर, मे महिन्यात चार माणसांनी तीन दिवसांत पूर्ण रस्त्याच्या वाटा काढल्या. त्या एका वर्षी गड्ड्यांच्या अकरा जागांपैकी पाच बुजवाव्याच लागल्या नाहीत. सोललेली माती नालीत लोटू नका, पलीकडे फेका. आणि डांबराच्या काठाखालून खणू नका, नाहीतर काठ लोंबकळतो आणि पहिल्याच ट्रॉलीखाली तुटतो.

४. नाली कुठं अडली आहे?

नाली दोन गोष्टींनी अडते. एक, वावरात जायला शेतकऱ्यानं माती टाकून केलेली वाट. दोन, गावाजवळ घरांचं सांडपाणी.

वावराच्या वाटेत शेतकऱ्याची चूक धरून बोलायला गेलात तर काम होणार नाही. त्याला ट्रॅक्टर आत न्यायचा आहे, त्याला दुसरा रस्ता नाही. मी आधी पाइप नेतो आणि मग बोलतो. पाइप ग्रामपंचायतीचा, खणायची मेहनत त्याची, असं ठरलं की कोणी नाही म्हणत नाही. एकदाच एका भाऊंनी नकार दिला होता. त्यांना पावसात बोलावून दाखवलं की अडलेलं पाणी उलटून त्यांच्याच तुरीत शिरतं आहे. संध्याकाळी त्यांनीच टिकास काढलं. पाइप मात्र अगदी लहान टाकू नका. हात घालून गाळ काढता येत नाही तो पाइप दोन पावसाळ्यांत मातीनं भरतो.

सांडपाण्याचं दुखणं बाराही महिने चालतं, म्हणून ते पावसापेक्षा वाईट. गावात शिरतानाचा रस्ता भर उन्हाळ्यातही ओला असेल तर कारण हेच. घरोघरी शोषखड्डे घ्या. आमच्याकडे ते पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून झाले. तो निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच होता, रस्त्यावर खर्च करता येत नव्हता, पण शोषखड्ड्यांनी रस्ता वाचला. काळ्या भारी मातीत शोषखड्डा हळू शोषतो. तिथं तो मोठा घ्यावा आणि गिट्टीनं भरावा.

५. रस्त्याला पाठ आहे का?

चांगला रस्ता मधे उंच असतो, बैलाच्या पाठीसारखा. अभियंते त्याला कॅम्बर म्हणतात. तो मोजायला दोन सारख्या उंचीचे ठोकळे, एक दोरी आणि एक पट्टी पुरते. समजा ठोकळे १५ सेंटीमीटर उंच आहेत. ते दोन्ही काठांवर ठेवा, वरून दोरी ताणून धरा आणि बरोबर मध्यावर दोरीपासून रस्त्यापर्यंतचं अंतर मोजा. पावणेचार मीटर रुंदीच्या मुरमाच्या रस्त्यावर हे अंतर साधारण साडेसात सेंटीमीटर यावं, डांबरी रस्त्यावर नऊ-साडेनऊ. १५ आलं तर रस्ता सपाट आहे. १५ च्या वर गेलं तर रस्त्याची पन्हळ झाली आहे, आणि पन्हळीत पाणी वाहणारच.

मुरमाच्या रस्त्याला पाठ परत देता येते. काठांवर सरकलेला मुरूम मधे ओढा, पाणी शिंपडा, रोलर फिरवा. डांबरी रस्त्याची पाठ गेली असेल तर ते गावाच्या हातातलं काम नाही. तिथं फक्त वाटा आणि नाली सांभाळा.

चाकोऱ्या खोल असतील तर वजनाकडेही पाहा. एका एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होतं. आमच्या ग्रामसभेनं ठरवलं की मोठा पाऊस झाल्यावर एक दिवस भरलेले टिप्पर आत येणार नाहीत. कायद्याचा धाक नव्हता, गावाचा शब्द होता. बहुतेकांनी पाळला.

६. आता गड्डा

पाण्याला वाट करून दिल्याशिवाय गड्ड्याला हात लावू नका. मी पहिली तीन वर्षं नेमकी हीच चूक केली होती.

दिवस दिवाळीच्या आगेमागे धरा. माती जरा ओलसर असते, चोपायला पाणी कमी लागतं, आणि कपाशीच्या भरलेल्या ट्रॉल्या जोरात सुरू व्हायच्या असतात. भर पावसात मुरूम टाकू नका, त्याचा चिखल होतो. तेव्हा वेळ मारून न्यायला फक्त गिट्टी आणि चुरी टाका.

गोल गड्डा तसाच भरला तर तो उचकटतो. त्याच्या कडा ढिल्या असतात आणि नव्या मालाला धरत नाहीत. सब्बलनं कडा चौकोनी, उभ्या तोडा. तळातला सगळा चिखल काढा, टणक लागेपर्यंत. मग मुरूम आणि गिट्टी मिसळून चार बोटं जाडीचा थर टाका, ओला करा, चोपा, मग पुढचा थर. दोन फूट माल एकदम ओतून वरून चोपलं तर वरची चार बोटं घट्ट होतात आणि खालचं सगळं ढिलं राहतं. शेवटचा थर रस्त्यापेक्षा बोटभर उंच ठेवा, वाहतुकीनं तो बसतो.

मुरूम कसा ओळखायचा? मूठभर ओला करून दाबा. गोळा झाला पाहिजे, पण त्यात खडे बोटांना टोचले पाहिजेत. कणकेसारखा मऊ गोळा होऊन हाताला चिकटला तर त्यात माती जास्त आहे. गोळाच झाला नाही तर त्याला पकड नाही, वाऱ्यानं उडून जाईल. आमचा मुरूम गावतलाव खोल करताना निघाला. बुलडाणा जिल्ह्यात तर तलाव-नाले खोल करून निघालेला माल महामार्गाच्या भरावाला वापरला, 'बुलडाणा पॅटर्न' म्हणून ते काम ओळखलं जातं. फक्त वरचा गाळ वावरात जाऊ द्या आणि खालचा मुरूमच रस्त्यावर आणा. मुरूम गौण खनिज आहे, उचलण्याआधी तहसील कार्यालयाची परवानगी घ्या.

या टप्प्यावर गावात एक आवाज हमखास उठतो, "त्यापेक्षा डांबरच मागा." जून २०२२ मध्ये आपल्याच भागात, अमरावती-अकोला महामार्गावर, ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. लोक मला त्याचा दाखला देतात. पण डांबर तिथंही वरचाच थर होता, खालचं काम त्याच्या आधीचं. आपल्याकडे नाली नसताना डांबर मागतात, आणि दोन वर्षांनी गिट्टी उघडी पडते. गावठाणात सिमेंटचा रस्ता घेतानाही जुना रस्ता न खोदता वर थर टाकू देऊ नका. रस्ता घराच्या जोत्यापेक्षा उंच झाला की पावसाचं पाणी कोणाच्या तरी चुलीपर्यंत जातं.

७. रस्त्याखालचा पाइप आणि मोरी

दोन्ही तोंडांनी वाकून आरपार पाहा. उजेड दिसला पाहिजे. गाळ असेल तर लांब दांड्यानं किंवा दोरीला बांधलेल्या टोपलीनं ओढून काढा. माणसाला आत पाठवू नका. पाइपावर निदान दोन फूट भराव हवा, नाहीतर चाकाचा मार थेट पाइपावर बसतो. पाइपावर छाप असतो तोही पाहा. एनपी २ हा हलका पाइप आहे, भरलेल्या गाड्यांच्या रस्त्याखाली एनपी ३ किंवा एनपी ४ लागतो. स्वस्तात मिळाला म्हणून हलका पाइप टाकलेला मी दोनदा काढला आहे, तुकड्यांत.

८. पोटात काय आहे?

वरचं सगळं करूनही तीच जागा बसत असेल तर साइडपट्टीवर, डांबरापासून हातभर लांब, दोन फूट खोल खड्डा घ्या. गिट्टीचा थर स्वच्छ दिसायला हवा. गिट्टीच्या फटींत काळी माती घुसलेली असेल तर पाया गेला आहे.

मातीची एक तपासणी आम्ही गावच्या शाळेच्या प्रयोगशाळेत केली, सरांच्या मदतीनं. माती वाळवून बारीक जाळीतून चाळायची. १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत १०-१० ग्रॅम घ्यायची, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल ओतायचं, ढवळून २४ तास ठेवायचं. रॉकेलात माती फुगत नाही. आमची माती रॉकेलात १० वर राहिली आणि पाण्यात १८ वर गेली, म्हणजे ८० टक्के फुगली. ५० टक्क्यांच्या वर गेलेली माती रस्त्याखाली तशीच ठेवणं धोक्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं ती दोन पात्रं शेजारी धरून पाहत होती, आणि ग्रामसभेत मी जे दहा वेळा सांगितलं होतं ते तेव्हा सगळ्यांना पटलं.

इथं थांबा

पुढच्या गोष्टी दिसल्या की फावडं खाली ठेवा आणि अभियंत्याला बोलवा. रस्त्याच्या पायात फुगणारी काळी माती निघाली. चोपताना खालून काळा चिखल वर येतो आहे. पाइपाला चीर गेली आहे किंवा मोरीची भिंत कलली आहे. रस्त्यावर सब्बल आपटल्यावर पोकळ आवाज येतो. या शेवटच्या दोन्हींत गाड्या लगेच बंद करा, काटेरी फांद्या आडव्या टाका, रात्री दिसेल असा कंदील किंवा चमकपट्टी लावा. नाल्याचं पाणी दर वर्षी रस्त्यावरून वाहत असेल तर तिथं रपटा (पाणी वरून जाऊ देणारा ठेंगणा पूल) हवा की उंच पूल, हे पाण्याचा हिशेब करूनच ठरतं. गावानं अंदाजानं ठरवू नये. गरम डांबराचं काम स्वतः करू नका. ते १५० अंशांच्या आसपास तापलेलं असतं आणि कातडीला चिकटतं.

पायातल्या काळ्या मातीला उपाय आहेत. चुना मिसळून ती स्थिर करता येते, बहुधा तीन ते पाच टक्के चुना लागतो, किंवा ती काढून मुरमाचा जाड थर देता येतो. पण प्रमाण प्रयोगशाळेतच ठरतं. कमी चुना वाया जातो आणि कमी जाडीचा थर वाहून जातो.

बोलवायचं ते पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागातल्या शाखा अभियंत्याला. जाताना रस्त्याचा क्रमांक, विटकरी रोवलेल्या जागांचा हातानं काढलेला नकाशा, पावसातले फोटो आणि कोणत्या वर्षी किती माल टाकला याची वही घेऊन जा. मी आधी नुसता अर्ज देत होतो. वही घेऊन गेलो त्या वर्षी साहेब दुसऱ्या आठवड्यात जागेवर आले. बोरीजवळ त्यांनी नवा पाइप आणि शंभर फूट लांबीचा पाया बदलायचं अंदाजपत्रक केलं. ते मंजूर व्हायला दोन वर्षं गेली. तोपर्यंत दर मे महिन्यात आम्ही तिथली वाट मोकळी करत होतो, आणि त्या दोन्ही पावसाळ्यांत एसटी बंद पडली नाही.